५-३ वर सर्व्हिसला आली की कच खाते. डब्ल्यू१५/डब्ल्यू३५ या महिलांच्या व्यावसायिक टेनिसमधल्या खालच्या पातळीच्या स्पर्धा खेळणाऱ्या मुलीसाठी नेमकं काय करायचं?

बेसलाइन_कोथरूड
खेळाडू २१ वर्षांची, क्रमवारी ६००च्या मागेपुढे. डब्ल्यू१५ला मेन ड्रॉ (मुख्य फेऱ्या) थेट मिळतो, डब्ल्यू३५ला बहुतेक वेळा क्वालिफाइंगमधून (पात्रता फेऱ्यांतून) यावं लागतं. सरावात ३००-३५० क्रमांकाच्या मुलींकडून सेट काढते. सामन्यात मात्र ५-२, ५-३ अशी आघाडी असताना स्वतःच्या सर्व्हिसवर सेट संपवणं निम्म्याहून जास्त वेळा जमत नाही. एखादा डबल फॉल्ट होतो, मग पहिला फोरहँड जाळीत, मग ५-४, ५-५. सगळे म्हणतात "मनाने कमकुवत आहे". पण यावर रोजच्या सरावात काय करायचं, हे कुणी सांगत नाही. क्रीडा मानसतज्ज्ञ महिन्यातून एकदा ऑनलाइन परवडतो. तेवढ्याने भागेल का? वर्षभरापूर्वी जिंकलेल्या स्पर्धेचे क्रमवारीतले गुणही (ते वर्षभरच धरले जातात) लवकरच गळणार आहेत, त्याचं दडपण वेगळंच.

दुसरी_सर्व्हिस
"कमकुवत मन" हे निदान बाजूला ठेवा आणि तिच्या दुसऱ्या सर्व्हिसचा व्हिडिओ काढा. एकदा १-१ असताना, एकदा ५-३ असताना, दोन्ही वेळा मागून. मग शेजारी शेजारी लावून बघा.

बहुतेक वेळा दिसतं ते असं. पकड घट्ट होते आणि सर्व्हिसच्या नेहमीच्या काँटिनेंटल पकडीवरून नकळत फोरहँडच्या बाजूला सरकते. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, बुटका पडतो. गुडघे वाकत नाहीत. आणि मुख्य म्हणजे "आत टाकायचीच" म्हणून हात मंदावतो. इथेच घात होतो. दुसरी सर्व्हिस आत पडते ती फिरकीमुळे, आणि फिरकी येते रॅकेटच्या वेगामुळे. हात मंदावला की चेंडूला खाली वळायला फिरकीच उरत नाही. मग तो लांब तरी जातो, जाळीत तरी अडकतो, नाहीतर समोरच्या मुलीच्या कमरेच्या उंचीवर आयता बसतो. म्हणजे काळजी घेतल्यामुळेच चूक होते. हे तिला व्हिडिओवर दाखवा. "घाबरू नकोस" असं शंभरदा सांगून जे होत नाही ते यातून होतं, कारण तिला धरायला काहीतरी ठोस मिळतं: हात जोरातच फिरवायचा, निशाणा जाळीच्या वर दोन-अडीच फूट, दिशा समोरच्या मुलीच्या अंगावर. कोपरे नकोत.

सरावात आठवड्यातून तीनदा एकच सर्व्हिस मिळेल असा सेट खेळवा. चुकली की पॉइंट गेला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गेम १५-३० पासून सुरू करा. तिसऱ्या दिवशी ५-३, ३०-३० पासून. आणि हे सत्राच्या शेवटी, पाय जड झाल्यावर. ताज्या पायांनी केलेल्या शंभर सर्व्हिसचा या प्रसंगात फारसा उपयोग नाही. पकडीसाठी सोपं माप आहे: १० म्हणजे मूठ आवळलेली, तर टॉसच्या आधी ३-४. प्रत्येक सर्व्हिसआधी आकडा मोठ्याने बोलायला लावा, दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं.

चेंजओव्हर_९०
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटते. ५-३ म्हणजे आठ गेम झालेले, सम संख्या. बाजू विषम गेमनंतरच बदलतात, म्हणून इथे बाजू बदलायची नाही, खुर्ची नाही, फक्त २५ सेकंद. आधीचा गेम तिने ब्रेक करून (समोरचीच्या सर्व्हिसवर जिंकून) घेतलेला असतो किंवा समोरचीने सर्व्हिस राखलेली असते. म्हणजे तिला विचार करायला शेवटची सवड मिळाली ती ४-३ किंवा ५-२ च्या चेंजओव्हरला, म्हणजे बाजू बदलतानाच्या ९० सेकंदांच्या विश्रांतीत. पुढच्या सर्व्हिस गेमचे पहिले दोन पॉइंट कुठे टाकायचे, हे त्या ९० सेकंदांतच ठरायला हवं. ५-३ ला रेषेवर उभं राहून ठरवायला गेलं तर डोक्यात स्कोअरच येणार.

ते ९० सेकंद असे वापरा. पहिली २०-२५ सेकंदं टॉवेल आणि श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दोनदा. मग दोन-तीन घोट. मग वहीतलं एकच वाक्य वाचायचं, तेही कृतीचं: "अंगावर सर्व्हिस, पुढचा चेंडू तिच्या बॅकहँडला खोल." "शांत राहा" हे वाक्य नको, कारण त्यावर करण्यासारखं काहीच नसतं. पंच ६० सेकंदांना 'टाइम' पुकारतात, तोवर वही बंद.

दोन पॉइंटांमधल्या २५ सेकंदांसाठी क्रीडा मानसतज्ज्ञ जिम लोअर यांनी मांडलेली चार टप्प्यांची पद्धत अजूनही उत्तम आहे. पॉइंट हरला तरी आधी रॅकेट डाव्या हातात घेऊन पाठ ताठ ठेवून वळायचं. मग नजर तारांवर आणि लांब श्वास. मग निर्णय. मग ठरलेले चेंडूचे टप्पे आणि सर्व्हिस. मुली दडपणाखाली पहिले दोन टप्पे गाळतात आणि १० सेकंदांत सर्व्हिस उरकतात. स्टॉपवॉच लावून बघा. ५-३ ला तिचा वेळ नक्की कमी झालेला दिसेल.

आणि गेलीच ती सर्व्हिस, तर ५-४ ला खुर्ची मिळते. महिलांच्या टेनिसमध्ये ब्रेक ही रोजची गोष्ट आहे. आता सेट वाचवण्यासाठी सर्व्हिस समोरचीला करायची आहे, दडपण तिकडे. त्या ९० सेकंदांत गेलेल्या गेमची उजळणी नको, फक्त रिटर्न कुठे उभं राहून घ्यायचा ते. फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या भाषणात सांगितलं होतं की कारकिर्दीतले जवळपास ८० टक्के सामने त्याने जिंकले, पण पॉइंट फक्त ५४ टक्के. हा हिशोब तिच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

१ जानेवारी २०२५ पासून बाहेरून कोचिंगला नियमांनी परवानगी आहे, पण पॉइंट चालू नसताना आणि थोडक्यात. तीन खुणा ठरवा, त्याहून जास्त नको. प्रत्येक पॉइंटनंतर तुमच्याकडे बघायची सवय लागली तर नुकसानच होईल.

क्रमवारी_वही
मी थोडा वेगळा सूर लावतो. या पातळीवरचं निम्मं दडपण कोर्टावर तयारच होत नाही, ते वेळापत्रकात तयार होतं. डब्ल्यू१५ म्हणजे एकूण बक्षीस १५,००० डॉलर आणि विजेतीला १५ गुण. मेन ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरलं तर दीडशेच्या आसपास डॉलर आणि शून्य गुण. उलट २०२५च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये क्वालिफाइंगच्या पहिल्याच फेरीत हरलेलीला ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होते. ही दरी मुलींना तोंडपाठ असते, आणि म्हणून ५-३ ला त्या एका गेमवर पुढचं सगळं वर्ष लादतात.

गुण गळण्याबद्दल: ५२ आठवडे झाले की गुण जाणारच. "राखायचे" हा शब्दच घरातून हद्दपार करा. गेल्या वर्षीच्याच स्पर्धेत, त्याच आठवड्यात खेळून भरपाई करायचा अट्टहास चुकीचा. गुण गळायच्या आधीच्या आठ-दहा आठवड्यांत दोन तुकडे लावा: तीन आठवडे स्पर्धा, एक आठवडा घरी, पुन्हा तीन. सलग पाच-सहा आठवडे परदेशात एकटीने काढले की चौथ्या आठवड्यात पहिल्या फेरीतले पराभव सुरू होतात, आणि त्यालाही लोक "मन" म्हणतात. प्रवेशिका सुमारे अडीच आठवडे आधी द्यावी लागते, त्यामुळे हा आराखडा आधी कागदावर हवा. हरल्या रात्री विमानतळावर बसून घेतलेले निर्णय महागात पडतात.

डब्ल्यू३५च्या क्वालिफाइंगमध्ये तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक (आधी १० पॉइंट करणारी जिंकते, दोनच्या फरकाने) असतो. त्याचा वेगळा सराव हवाच. आठवड्यात चार खेळवा, त्यातले दोन ४-७ अशा पिछाडीवरून.

क्रमवारी म्हणजे गेल्या ५२ आठवड्यांची बेरीज, आजचा खेळ नव्हे. लोइस बॉइसन गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीनंतर ३६१व्या क्रमांकावर असताना २०२५च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली. त्याच वर्षी मुंबईच्या डब्ल्यूटीए १२५ (महिला टेनिस संघटनेची, डब्ल्यू३५पेक्षा वरच्या पातळीची) स्पर्धेत १५ वर्षांची माया राजेश्वरन क्वालिफाइंगमधून उपांत्य फेरीपर्यंत गेली. अशी उदाहरणं मुलीला जरूर सांगा, पण त्याच जोडीला ३२च्या ड्रॉमध्ये ३१ जणी हरूनच घरी जातात हेही सांगा. दर आठवड्याला हरणं हा या नोकरीचा भागच आहे.

बेसलाइन_कोथरूड
सगळ्यांचे आभार. ५-३ ला खुर्ची नसते हे इतक्या वर्षांत असं डोळ्यांसमोर आलंच नव्हतं. मानसतज्ज्ञाचा प्रश्न राहिला. आणि हरल्यावर तिच्या फोनवर घाणेरडे मेसेज येतात, त्याचं काय?

लोह_आणि_पाणी
ताई/सर, आधी रक्त तपासा, मग मन. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही. मुलींमध्ये हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि मग दीड तासानंतरचा थकवा "लक्ष लागत नाही" असा दिसतो. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. सामना तासाभरापुढे गेला की ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हवंच: एक मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम, बाकी पेयातून. उन्हात प्रत्येक चेंजओव्हरला २०० मिलीच्या आसपास, आणि घामाने कपड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर त्यात मीठ. पाळीच्या तारखा आणि झोपेचे तास सामन्याच्या नोंदींशेजारीच लिहा. दोन-तीन महिन्यांत काही जुळतंय का ते दिसेल.

मानसतज्ज्ञ महिन्यातून एकदा चालेल, पण त्या तासाला वर सांगितलेले दोन व्हिडिओ आणि वही घेऊन बसा. नुसत्या गप्पांत तो वाया जातो. झोप उडाली, जेवण तुटलं, कोर्टावर जाणंच नको वाटू लागलं, तर मात्र महिना थांबू नका.

मेसेजबद्दल: यातले बरेचसे सट्टा हरलेल्यांचे असतात. डब्ल्यूटीए आणि आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) पाहणीत २०२४ मध्ये ४५८ खेळाडूंना सुमारे ८,००० शिवीगाळीच्या किंवा धमकीच्या पोस्ट गेल्या, त्यातला ४० टक्के मजकूर संतापलेल्या सट्टेबाजांचा होता. सामन्याच्या दिवशी फोन तुमच्याकडे, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, कमेंटवर शब्दांचं फिल्टर. धमकी असेल तर पुसू नका, स्क्रीनशॉट काढून स्पर्धेच्या पर्यवेक्षकांना त्याच दिवशी द्या. आणि कुणी पैसे देऊन सेट किंवा गेम सोडायला सुचवलं, तर नकार देऊन भागत नाही. आयटीआयएला (टेनिसमधल्या भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला) लगेच कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हाच धरला जातो.