‘क्षेपणास्त्र संरक्षण प्रणाली’ : संरक्षण कोणाचे आणि कोणापासून?

प्रश्न : नागपुरातील एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे मुद्रितशोधन करताना ‘लांब पल्ल्याची राष्ट्रीय हवाई व क्षेपणास्त्र संरक्षण प्रणाली विकसित करणे’ अशी शब्दयोजना आढळली. येथे क्षेपणास्त्रांचे संरक्षण अभिप्रेत आहे की क्षेपणास्त्रांपासून? ‘पल्ला’ऐवजी ‘टप्पा’ चालेल का?

उत्तर : आपली पहिली शंका समासाच्या विग्रहाची आहे आणि ती रास्त आहे. पीकसंरक्षण, वनसंरक्षण, ग्राहक संरक्षण या शब्दांत पहिले पद जपण्याच्या गोष्टीचे असते. त्यामुळे ‘क्षेपणास्त्र संरक्षण’ वाचणारा मराठी वाचक नकळत षष्ठीचा विग्रह करतो, आणि लेखकाला मात्र ‘चोरभय’ (चोरापासून भय) यासारखी पंचमी हवी असते. ‘क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण प्रणाली’ असे लिहिल्यास हा घोटाळा उरत नाही. ‘हवाई संरक्षण’ हा प्रयोग निर्दोष आहे, कारण ‘हवाई’ हे विशेषण आहे.

‘पल्ला’ आणि ‘टप्पा’ यांबाबत अधिक काटेकोर राहावे लागेल. ‘सावज टप्प्यात आले’ हे मराठी अस्सल असले, तरी या विषयात ‘टप्पा’ आधीच दोन कामांना जुंपलेला आहे. २ नोव्हेंबर २०२२ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील बेटावरून डीआरडीओने (संरक्षण संशोधन व विकास संस्थेने) चाचणी घेतलेले एडी-१ हे भारताच्या क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यातील आणि दोन टप्प्यांच्या घन इंधन मोटरवर चालणारे क्षेपणास्त्र आहे. त्यात अंतरासाठीही ‘टप्पा’च वापरला, तर वाचकाने काय समजावे? अंतरासाठी ‘पल्ला’च ठेवावा.

मात्र पल्ला कोणाचा, हे प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे, आणि वृत्तपत्रे नेमकी तेथेच घसरतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाशी करार झालेल्या एस-४०० प्रणालीच्या सर्वांत लांब जाणाऱ्या क्षेपणास्त्राचा पल्ला ४०० किलोमीटर सांगितला जातो, तर तिच्या टेहळणी रडारचा ६०० किलोमीटर. याउलट वर उल्लेखिलेल्या भारतीय कार्यक्रमाच्या जुलै २०२४ मधील चाचणीनंतर जो ५००० किलोमीटरचा आकडा छापून आला, तो आपल्या अडवणाऱ्या क्षेपणास्त्राचा नसून, ज्या वर्गाच्या शत्रूच्या क्षेपणास्त्रांना रोखण्याची क्षमता सिद्ध झाली त्यांचा आहे. ‘५००० किलोमीटर पल्ल्याची संरक्षण प्रणाली’ हे वाक्य म्हणून व्याकरणशुद्ध असूनही साफ चुकीचे ठरते.

क्रियापदाचाही विचार करावा. क्षेपणास्त्र किंवा रडार ‘विकसित’ केले जाते. डीआरडीओचा ‘कुशा’ हा लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा प्रकल्प त्यात मोडतो. परंतु १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झालेल्या ‘सुदर्शन चक्र’ मोहिमेत २०३५पर्यंत संपूर्ण देशासाठी जे सुरक्षाकवच अपेक्षित आहे, ते ‘उभारले’ जाते, कारण रडार, क्षेपणास्त्रे आणि आदेशकेंद्रे एकमेकांना जोडणे हेच तेथे मुख्य काम असते.

आणखी एक उत्तर : वरील विवेचनाशी सहमत आहे. एक भर घालतो. आपल्या नागपूरकडे हिंदीचा शेजार असल्यामुळे ‘या क्षेपणास्त्राची मारक क्षमता ४०० किलोमीटर आहे’ असे वाक्य सर्रास कानी पडते. हिंदीत ‘मारक क्षमता’ मारा पोहोचण्याच्या अंतरासाठी वापरतात. मराठीत मात्र त्या शब्दांतून संहारशक्ती सूचित होते, आणि ती किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. (पिनाक अग्निबाणांशी नाव जोडले गेलेला अंबाझरीचा आयुध कारखाना आणि वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय ज्या गावात आहे, तेथे तरी ही गल्लत होऊ नये.) ‘विमानवेधी’ हा रुळलेला शब्द तोफांपुरता ठेवावा. तो येथे आणल्यास मारा फक्त विमानांवर होतो असे वाटेल. एडी-१ची आखणी तर विमाने आणि क्षेपणास्त्रे या दोन्हींसाठी आहे.