नव्वदच्या दशकातील उपेक्षित हिप-हॉप अल्बम सुचवा (एकच, तीन हजारांच्या आत)

मृदगंध
मामांनी त्यांचा पडून असलेला रेकॉर्ड प्लेअर मला दिला आहे आणि त्यावर ऐकण्यासाठी १९९१ ते १९९९ या काळातील अमेरिकी हिप-हॉपचा एक अल्बम मला विकत घ्यायचा आहे. नास, टूपॅक, बिगी आणि वू-टँग क्लॅन माझे ऐकून झाले आहेत, त्यामुळे त्यांची नावे कृपया सुचवू नयेत. ज्याच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, परंतु ज्यातील शब्द माझ्यासारखीला नीट कळतील, असा अल्बम हवा आहे. टपालखर्च धरून ३,००० रुपयांच्या पुढे जाणे शक्य नाही.

रात्रपाळी
या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते म्हणजे ऑर्गनाइज्ड कन्फ्यूजन या क्वीन्समधील जोडीचा १९९४ चा 'स्ट्रेस: द एक्स्टिंक्शन अजेंडा'. त्यातील 'स्ट्रे बुलेट' या गाण्यात बंदुकीतून सुटलेली गोळी स्वतःच बोलते आणि ती ज्यांच्या अंगातून आरपार जाते, त्यांचे वर्णन तिच्याच थंड आवाजात येते. दोन वर्षांनी नासने पिस्तुलाच्या तोंडून गाणे लिहिले, ते सर्वांच्या लक्षात राहिले. ही गोळी मात्र फारशी कोणाला आठवत नाही. नासचा 'इलमॅटिक'ही त्याच वर्षी आणि क्वीन्समधूनच आला, हे या जोडीचे दुर्दैव. जोडीतील फॅरो मॉंच श्वास कुठे घेतो, हे मला अजूनही सापडलेले नाही. याच जोडीच्या १९९१ च्या पहिल्या अल्बममध्ये पाहुणा म्हणून आलेल्या ओ. सी. या रॅपरचा 'वर्ड... लाइफ' हाही १९९४ चाच आहे, परंतु तो पहिल्याच ऐकण्यात कळून जातो, त्यामुळे तो वगळला तरी चालेल.

जर्सीकर
न्यूयॉर्कच्या पलीकडेही अमेरिका आहे, याची आठवण करून देणे भाग आहे. फ्रीस्टाइल फेलोशिप या गटाचा १९९३ चा 'इनरसिटी ग्रियॉट्स' घ्या. लॉस एंजेलिसमध्ये गुड लाइफ नावाचे, आरोग्यदायी खाद्यपदार्थ विकणारे एक उपाहारगृह होते; तिथे ठरलेल्या रात्री कोणीही मंचावर येऊन रॅप करू शकत असे, मात्र शिवी देण्यास बंदी होती. त्या बंधनातून जी मंडळी तयार झाली, त्यांची जीभ जॅझमधल्या सॅक्सोफोनसारखी चालते. दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्नेने २००८ मध्ये या जागेवर माहितीपट केला आहे. माझ्याकडे पहिल्या आवृत्तीची एलपी आहे आणि ती घेताना मी किमतीकडे पाहिले नव्हते. तुम्हीही पहिलीच आवृत्ती घ्या, पुनर्मुद्रणात ती मजा नाही.

कोथरूड_पश्चिम
वर कोणी सुचवले आहे की नाही, ते पाहिलेले नाही, परंतु 'स्ट्रेस: द एक्स्टिंक्शन अजेंडा' ऐकाच. गोळीचे गाणे विशेष आहे.
अवांतर: जर्सीकरांना न्यूयॉर्कच्या पलीकडचा प्रदेश दिसतो, पण तो थेट लॉस एंजेलिसच. मधला दक्षिण भाग कोणी ऐकायचा? अटलांटाच्या गुडी मॉब या गटाचा १९९५ चा 'सोल फूड' हा तिथल्या रोजच्या जगण्याचा दस्तऐवज आहे आणि गटातील सीलो ग्रीनला केवळ नंतरच्या लोकप्रिय गाण्यांमुळे ओळखणाऱ्यांनी तो मुद्दाम ऐकावा.

जर्सीकर
'सोल फूड' उपेक्षित कधी होता? अटलांटातील माझ्या मित्रांना तो तोंडपाठ आहे.

कोथरूड_पश्चिम
अटलांटातील लोकांना अटलांटाचा अल्बम पाठ असणे, हे त्याला जगभर न्याय मिळाल्याचे लक्षण नव्हे. पुण्यात याविषयी बोलायला मला एकही माणूस मिळत नाही.

मृदगंध
सर्वांचे आभार. मी बजेट ३,००० रुपये सांगितले होते. 'इनरसिटी ग्रियॉट्स'च्या पहिल्या आवृत्तीची किंमत पाहिली. त्यात माझे महिन्याचे घरभाडे निघेल.

जुनी_कॅसेट
कोणता अल्बम घ्यायचा, यापेक्षा काय पाहून घ्यायचा, हे कोणीच सांगत नाही म्हणून लिहितो. एका संकेतस्थळावरून मी केएमडी या रॅप जोडीचा 'ब्लॅक बास्टर्ड्स' मागवला आणि हाती आली ती मुखपृष्ठाची धूसर नक्कल व सतत खरखर करणारी बनावट एलपी. पैसे परत मिळाले नाहीत. त्यामुळे घेण्यापूर्वी लेबलभोवतीच्या मोकळ्या पट्टीत कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र मागवावे आणि तो अधिकृत आवृत्तीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. दुसरी गोष्ट अशी की नव्वदच्या दशकातील अल्बम सीडीच्या हिशेबाने लांबलचक असत. तासाभराचे संगीत एकाच एलपीवर कोंबले की खाच अरुंद होते, आवाज दबतो आणि खर्ज पहिल्यांदा जातो. म्हणून अशा अल्बमची दोन एलपींची आवृत्तीच पाहावी.

आता उपेक्षेविषयी. काही अल्बम लोकांनी नाकारले म्हणून नव्हे, तर मिळेनासे झाले म्हणून विसरले गेले. 'ब्लॅक बास्टर्ड्स' मुखपृष्ठावरील चित्राच्या वादामुळे १९९४ मध्ये कंपनीने दाबून ठेवला; त्याच्या आदल्याच वर्षी जोडीतील सबरॉक मोटारीच्या धडकेत गेला होता, आणि त्याचा भाऊ पुढे मुखवटा घालून एमएफ डूम या नावाने रॅप करू लागला. डे ला सोलचा १९९३ चा 'बुलून माइंडस्टेट' तर जुन्या गाण्यांतून उचललेल्या तुकड्यांच्या करारांमुळे वर्षानुवर्षे अधिकृतपणे इंटरनेटवर येऊ शकला नाही, कारण ते करार डिजिटल विक्रीचा विचार न करता झाले होते. मार्च २०२३ मध्ये तो अखेर उपलब्ध झाला, त्या वेळी गटातील ट्रूगॉयला जाऊन महिनाही झाला नव्हता. जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदातील मेसिओ पार्कर त्यात प्रत्यक्ष सॅक्सोफोन वाजवतो. माझे मत याच अल्बमला.

रात्रपाळी
तुकड्यांचा प्रश्न करारांपेक्षा न्यायालयामुळे चिघळला. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागल्यानंतर परवानगीशिवाय तुकडा वापरणे कंपन्यांना परवडेनासे झाले.

जुनी_कॅसेट
निकालाचा परिणाम निकालानंतरच्या अल्बमांवर झाला. डे ला सोलच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमचे करार त्याआधीचे आहेत, तरी तोही तसाच अडकला होता. दोन्ही बाबी एकत्र करू नयेत.

खर्जातला_सा
चर्चा न्यायालयात गेली, म्हणून संगीताकडे परत येतो. डिगेबल प्लॅनेट्स या गटाला पहिल्या अल्बममधील गाण्यासाठी ग्रॅमी मिळाले, आणि १९९४ मध्ये त्यांनी 'ब्लोआउट कोम' काढला तेव्हा ते श्रोते त्यांच्यासोबत आले नाहीत. पहिल्या अल्बममधला गुळगुळीतपणा इथे नाही. ब्रुकलिनचा रस्ता आहे, ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्राच्या धर्तीवरची मांडणी आहे आणि वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेले लांब, सैल तुकडे आहेत. मी स्वतः बास वाजवतो, त्यामुळे अधिकाराने सांगतो की या दशकातील इतका सुंदर बास दुसऱ्या अल्बममध्ये नाही. शब्दांकडे फारसे लक्ष देऊ नका, ते मुद्दामच वाद्यांच्या आत बुडवून ठेवलेले आहेत.

जर्सीकर
धागाकर्तीने शब्द कळणारा अल्बम मागितला आहे.

खर्जातला_सा
धागाकर्तीने ३,००० रुपयांतला अल्बमही मागितला होता.

पावशेर
बहामादियाचा 'कोलाज', १९९६, फिलाडेल्फिया. काही गाण्यांचे संगीत डीजे प्रीमियरचे, काहींचे गुरू या नावाच्या रॅपरचे. स्वर न चढवता रॅप करणारी बाई आहे आणि एकेक शब्द ऐकू येतो. इतक्या प्रतिसादांत एकाही स्त्रीच्या अल्बमची शिफारस नाही, याचे आश्चर्य वाटले.

कोथरूड_पश्चिम
'कोलाज'ला अनुमोदन. तरीही आधी 'सोल फूड'.

मृदगंध
सुचवलेले सगळे अल्बम मी इंटरनेटवर ऐकले. 'स्ट्रेस'मधील गोळीचे गाणे अफाट आहे, परंतु उरलेल्या अल्बममध्ये मी निम्म्या ओळी पकडू शकले नाही. 'कोलाज' खूप आवडला, पण त्याची चांगल्या अवस्थेतील एलपी बजेटमध्ये मिळाली नाही.

शेवटी मी ओ. सी. चा 'वर्ड... लाइफ' घेतला आहे. रात्रपाळी यांनी तो पहिल्याच ऐकण्यात कळतो म्हणून वगळायला सांगितला होता आणि मला नेमके तेच हवे होते. 'टाइम्स अप'मध्ये तो खोट्या गुंडगिरीचा आव आणणाऱ्या रॅपर्सचा आवाज न चढवता समाचार घेतो, आणि 'बॉर्न टू लिव्ह'मध्ये बालपणी गमावलेल्या मित्राविषयी इतके साधे बोलतो की मला ते गाणे लगेच दुसऱ्यांदा लावावे लागले. एलपी महाग असल्याने वापरलेली सीडी मागवली. टपालासह ती बजेटच्या निम्म्यातच आली.

जर्सीकर
रेकॉर्ड प्लेअरसाठी सीडी?

मृदगंध
सीडी प्लेअर बाबांचा आहे. मामांच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलावी लागणार, असे काल दुरुस्तीवाल्याने सांगितले आणि उरलेले पैसे तिकडे जातील.

रात्रपाळी
सुई बदलून झाली की 'स्ट्रेस'ची एलपी घ्या. ४,५०० पर्यंत मिळून जाईल.