चुंबक ठेवा बाजूला, लिंबू घ्या
शिसवी मूठ बसवलेल्या, पॉलिशमध्ये पात्यावरचा शिक्का पुसला गेलेल्या ८ नंबरच्या ओपिनेलचं (फ्रेंच घडीच्या चाकूचं) स्टील कुठलं, कार्बन की इनॉक्स म्हणजे स्टेनलेस, असं एकाने विचारलंय. चुंबक लावून बघा म्हणणाऱ्यांनो, कार्बन आणि इनॉक्स ही दोन्ही पाती चुंबकाला चिकटतात! त्यापेक्षा पातं साबणाने धुऊन तेल घालवा, मुठीजवळ लिंबाचा एक थेंब १५-२० मिनिटं राहू द्या. करडा डाग धरला तर कार्बन, म्हणजे ओपिनेलचं एक्ससी ९० ग्रेडचं स्टील. त्यात कार्बन साधारण ०.९ टक्के. चकचकीतच राहिलं तर इनॉक्स, क्रोमियमची कृपा. माझ्या कार्बनच्या चाकूने हे कैरी चिरतानाच सांगितलं: पातं निळसर, फोडी काळपट, तोंडात लोखंडाची चव. मात्र मुठीबरोबर पातंही कोणी बदललं असेल, तर लिंबावरून ग्रेड कळणार नाही, फक्त गंजणारं की नाही एवढंच कळेल.