मदत हवी आहे: गरोदरपणातलं शिसं आणि बाळाची बेरा (ऐकण्याची) तपासणी

जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या वस्तीतल्या गरोदर बायकांसाठी तपासणीचा क्रम ठरवतो आहोत. शिसं नाळेतून बाळात जातं आणि त्याच्या ऐकण्याच्या नसेला व मेंदूला इजा करू शकतं. हाडांत साठलेलं जुनं शिसंही गरोदरपणात रक्तात उतरतं, म्हणजे काम सोडलं तरी धोका संपत नाही. रक्त शिरेतूनच घेणार. बोट टोचलं तर कातडीवरची धूळ आकडा फुगवते. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं की घरात स्रोत शोधायचा: कामाचे कपडे, भेसळीची हळद, कल्हईत मिसळलेलं शिसं.

खरी अडचण बाळंतपणानंतरची. नवजात बाळांची बहुधा फक्त ओएई (कानात आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी तपासणी) होते. ती कानाच्या आतल्या केसपेशींपुरतीच. श्रवणाची नस आणि मेंदूकडे जाणाऱ्या मार्गातला दोष तिच्यात 'पास' होऊन निसटतो, म्हणून बेरा (आवाज ऐकल्यावर नसेत आणि मेंदूच्या मार्गात उठणाऱ्या विद्युत लहरी मोजणारी तपासणी) हवीच. त्यात पहिल्या ते पाचव्या लहरीतलं वेळेचं अंतर पाहायचं.

ऑडिओलॉजिस्ट मंडळी, कृपया सांगा: बेरा जन्मानंतर लगेच करावी की तिसऱ्या महिन्यात? अपुऱ्या दिवसांच्या बाळात लहरी मुळातच उशिरा येतात, तिथे तुलना कोणत्या वयाच्या आकड्यांशी करता? आणि नाळेचं रक्त शिशासाठी कोणत्या नळीत पाठवता?