गाडीत नवा स्टिरिओ बसवला आणि एफएमची खरखर सुरू झाली

प्रश्न: अँड्रॉइड स्टिरिओवर ब्लूटूथ छान चालतं, पण एफएमवर नुसती खरखर. शहराबाहेर तर स्टेशन सापडतच नाही. अँटेना बदलू का?

उत्तर: थांबा, आधी वायरिंग बघा. छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडाशी बहुतेकदा अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारा भाग) असतो, त्याला १२ व्होल्ट लागतात. ते देणारी स्टिरिओमागची निळी वायर बहुतेक जोडायची राहिलीय. रेडिओ चालू ठेवून तिला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा आणि १२ व्होल्ट येतात का बघा. फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत ही वीज अँटेनाच्या केबलमधूनच जाते. तिथे वेगळा फँटम पॉवर अ‍ॅडॉप्टर (अँटेनाच्या केबलमध्ये वीज सोडणारा जोड) घ्यावा लागतो.

दुसरं उत्तर: तरीही खरखर राहिली तर डॅशकॅम आणि यूएसबी चार्जर काढून ऐका. स्वस्त चार्जरचा गोंगाट ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये घुसतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणून ते शाबूत.

प्रश्नकर्ता: निळी वायर टेप गुंडाळून लोंबत होती! जोडली, स्टेशनं लागली. मनापासून आभार.