अख्खा फरचा जंपसूट? नको गं

मुलाच्या फॅन्सी ड्रेससाठी सशाचा ड्रेस घरी कसा शिवायचा असं विचारलंयस, त्यावर कुणीतरी अख्खा फरचा जंपसूट सुचवलाय, दिसतो गोड पण तीन-चार वर्षांचं पोर त्यात दहा मिनिटांत घामाघूम होतं आणि स्टेजवर जायच्या आधीच भोकाड पसरतं, शिवाय ऐनवेळी शू लागली की सगळं सोलायचं. त्यापेक्षा पांढरी सुती हुडी आणि पांढरी लेगिंग घे, फर फक्त पोटावर, शेपटीला आणि कानांच्या आत.

फर उलट्या बाजूने ब्लेडने कापायचं, फक्त मागचं कापड कापलं गेलं पाहिजे. कात्री चालवली की केस अर्धवट तुटतात आणि आठवडाभर आमटीत सापडतात :)

कानांना बकरम घाल, शर्टाच्या कॉलरमध्ये असतं ते. दोन कापडांच्या मध्ये घालून शिवायचं, उलटवायचं आणि खालच्या टोकाला एक चुणी घेऊन मग हुडीला जोडायचं, त्या चुणीमुळेच कान ताठ राहतो, नाहीतर कितीही जाड बकरम घाल, मान टाकतोच. जागा मात्र हुडी मुलाच्या डोक्यावर चढवून खडूने खूण करूनच ठरव.

हुडीच्या गळ्यातली नाडी आधी काढून टाक, खेळताना कुठे अडकली तर गळा आवळतो. सेफ्टीपिनाही नकोत, शेपूट चार टाके घालून पक्की कर. मास्कच्या भानगडीत पडू नकोस, मिशा काजळाने काढ.

आणि पुढच्या वर्षी वाघ मागितला तर पट्टे शिवत बसू नकोस, फॅब्रिक पेंट झिंदाबाद!