मदत हवी आहे: दरडीखालील बचावकार्यानंतर स्वयंसेवकांना मानसिक आधार कसा द्यावा?

नमस्कार. माळीण (2014), तळिये (2021) आणि इरशाळवाडी (2023) येथे दरडीखालून मृतदेह काढावे लागले. असे काम करून परतणाऱ्यांच्या मनाची विचारपूस व्हायलाच हवी, असे मला तळमळीने वाटते. आमच्या गिर्यारोहक गटात पावसाळ्यापूर्वी तशी व्यवस्था करायची आहे. सर्वांना एकदाच बसवून घडलेले सविस्तर वदवून घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार, म्हणजे परिस्थिती पाहणे, ऐकून घेणे व योग्य मदतीशी जोडून देणे, सुचवते. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आम्ही देणारच आहोत, परंतु झोप उडालेली असूनही ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याशी बोलणे कोणी व कसे सुरू करावे, हे अनुभवी समुपदेशकांनी कृपया सांगावे. मराठीतून प्रशिक्षण देणारे कोणी माहीत असल्यास तेही कळवावे.